पोटावर हात, हातात शिंदी

बाळ रडलं, वारही पडली, आणि तरी त्या घरात कुणी हसेना.

वार म्हणजे बाळाच्या मागून बाहेर पडते ती. ती अख्खी आली की निम्मी काळजी मिटते. उरलेल्या निम्म्या काळजीसाठी नर्सनं तासभर बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून बसायचं. गर्भाची पिशवी घट्ट राहिली तर ठीक, सैल पडली तर रक्त जातं. मी तशी बसले होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट, बरं का. मी सांगलीची, ड्यूटी म्हसवडकडच्या दवाखान्यात, आणि फिरतीवर सकाळीच त्या मेंढपाळांच्या वस्तीवर पोचलेली.

सासू बायाक्का काशाची वाटी घेऊन आली. वाटीत शिंदी. तिकडं ओढ्याकाठी शिंदीची झाडं लय. त्यांचा रस पहाटे गोड असतो, ऊन चढेल तसा आंबत जातो.

"घ्या बाई. एक घोट."

"नको, बायाक्का. ड्यूटीवर आहे मी."

ती वाटी खाली ठेवून दारात जाऊन बसली. बाळंतीण सखू भिंतीकडं तोंड करून रडायला लागली. बाळाला जवळ घेईना. नाडी बघितली तर नुसती धावत होती.

"काय गं, दुखतंय?"

"खरं सांगा बाई. मी वाचत न्हाई न्हवं?"

"कोण म्हणालं असं?"

बायाक्का दारातूनच बोलली, "समदं नीट झालं की आमची सुईण घरची शिंदी पिती. माझ्या थोरल्या लेकीच्या टायमाला न्हाई पिली."

एवढं बोलून तिनं पदर डोळ्याला लावला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी गप्प, हात पोटावर, डोळा घड्याळावर. त्यांना वाटलं, मी वाईटाची वाट बघत बसलेय.

"आणा ती वाटी," मी म्हणाले.

उजवा हात पोटावरच ठेवला आणि डाव्या हातानं वाटी तोंडाला लावली. आयुष्यात पहिल्यांदाच. आंबूस, मागून गोड, जिभेवर चुरचुर, आणि ओल्या लाकडाचा वास. खोटं कशाला सांगू, आवडली.

"डाव्या हातानं पित्यात व्हय कुनी?" बायाक्का डोळे पुसत म्हणाली.

"उजवा तुमच्या सुनंच्या कामात हाय."

सखूला हसू फुटलं. हाताखाली पोट गदगदलं, पण आत पिशवी नारळासारखी घट्ट होती. तास संपेपर्यंत मी कशासाठी थांबलेय तेही दोघींना सांगितलं. तोवर सखूनं बाळाला पदराखाली ओढून घेतलं होतं.

दुपारी दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी नाक मुरडलं. "सिस्टर, वास कसला येतोय?"

मी सगळं सांगितलं.

"दोघं खुशाल?"

"खुशाल."

"मग बॅगेत लवंगा ठेवत जा."

पुढं नव्या मुली हाताखाली आल्या, त्यांना मी हेच सांगत आले. हात पोटावर असू दे, पण आपण कशासाठी बसलोय ते तोंडानं घरच्यांना सांगा. आणि बॅगेत ब्लेड, दोरा, साबण यांच्याशेजारी चार लवंगा असू द्या.