मी म्हटलं, "पाहिलं"

रूपालीच्या खांद्यावरच्या ट्रॅकरचा हिरवा दिवा लुकलुकत नव्हता. त्या दिवशी मला खटकलेली पहिली गोष्ट ही. पण ती शेवटी सांगते, कारण आमच्या पॅराग्लायडिंगवाल्यांचे किस्से क्रमानेच साठत जातात, आणि साठायची जागाही ठरलेली: बबनकाकांच्या जीपची मागची सीट. स्पर्धेत राजूरजवळच्या डोंगरावरून सगळे उडतात, वाऱ्याबरोबर पूर्वेला जातात आणि जमेल तितक्या लांब उतरतात. मग काका एकेकाला शेतातून गोळा करत निघतात. जो गाडीत चढतो तो आपला किस्सा घेऊनच चढतो. जो सगळ्यांत आधी उतरतो, त्याला बाकी सगळ्यांचे ऐकावे लागतात.

मला सगळे पाठ आहेत. यावरून काय ते समजा.

* * *

पहिल्या दिवशी मी अकरा मिनिटं हवेत होते. कांद्याच्या रानात उतरले. कांदा काढणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "कुठून आलीस गं बाई?"

मी मागचा डोंगर दाखवला. त्यांनी डोंगराकडे पाहिलं, मग माझ्या भल्यामोठ्या पिशवीकडे पाहिलं.

"मंग चालत का न्हाई आलीस? लवकर पोचली असतीस."

* * *

रूपाली माझी कॉलेजातली मैत्रीण. नगरला एका बाकावर बसलो, एकाच महिन्यात उडायला शिकलो. ती शेवगावची, शेतकऱ्यांच्या घरातली. मी मास्तरांची मुलगी. मागून कुणी हाक मारली तरी मी दचकते. ही हवेत शेंगदाणे खाते.

दुसऱ्या दिवशी ती संगमनेरच्याही पुढे, एका शाळेच्या मैदानात उतरली. जीप पोचली तेव्हा रूपालीबाई खुर्चीवर बसलेल्या, मांडीवर नारळ, समोर पोरांच्या रांगा, आणि हेडमास्तरांचं भाषण चाललेलं. मी घाईने पुढे झाले तर हेडमास्तर थांबले आणि मला म्हणाले, "या, या. मॅडमची पिशवी तिकडं ठेवलीय. जपून उचला."

मी उचलली. रूपालीनं मला अर्धा नारळ दिला. मी तो जीपमध्येच विसरले, मुद्दाम.

* * *

आमचे सर रोज सकाळी उतरायची जागा कशी निवडावी यावर व्याख्यान देतात. तारा टाळा, विहिरी टाळा, उभं पीक टाळा. तिसऱ्या दिवशी सर स्वतः उसात उतरले. ऊस डोक्याच्या वर, वाट दिसेना. सरांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि जोरजोरात वाजवली.

पलीकडे ऊसतोड चालू होती. शिट्टी ऐकून सगळ्यांनी कोयते खाली ठेवले आणि भाकरीची फडकी सोडून जेवायला बसले. सरांना काढायला जेवण उरकल्यावरच कोणीतरी आलं.

"शिट्टी तुमी वाजिवली व्हय?" तो म्हणाला. "रोज याच टायमाला वाजवत जा."

* * *

रोज संध्याकाळी आईचा फोन. "नीट उतरलीस ना?" आणि लगेच, "रूपाली कुठवर गेली?"

तिसऱ्या दिवशी मी चिडले. "आई, फोन मला करतेस की तिची चौकशी करायला?"

"तुझं काय विचारायचं," आई म्हणाली. "तू कुठे असतेस ते मला ठाऊक असतं."

* * *

आता शेवटचा दिवस.

आमच्यात एक रीत आहे. उडण्याआधी जोडीदाराने दुसऱ्याचा प्रत्येक पट्टा, प्रत्येक बक्कल हाताने चाचपायचं, ट्रॅकरचा दिवा बघायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "पाहिलं." तो शब्द ऐकल्याशिवाय कोणी पाऊल उचलत नाही. रूपालीची जोडीदार मी.

पट्टे ठीक होते. दिवा बंद होता. ट्रॅकर बंद तर उड्डाण मोजत नाहीत. आज हिचं मोजलंच गेलं नाही तर? माझ्या मनात आलं ते एवढंच. ट्रॅकर बंद तर माणूस कुठे आहे हेही कळत नाही, हे तेव्हा मनात आलंच नाही.

मी म्हटलं, "पाहिलं."

ती मान हलवून धावली आणि गेली. गरम हवेचा झोत मिळाला तशी घारीसारखी घिरट्या घालत वर चढली, आणि दिसेनाशी झाली.

मी नेहमीप्रमाणे लवकर उतरले. दुपारभर जीपमध्ये सरांच्या टॅबवर नकाशा बघत बसले. सगळ्यांचे ठिपके होते, तिचा नव्हता. सरांनी विचारलं, "मुक्ता, तिचा दिवा लागला होता ना?"

मी म्हटलं, "हो."

चार वाजता तिचा फोन क्षेत्राबाहेर होता. पाच वाजता सगळे गाडीत आले, तरी क्षेत्राबाहेरच. त्या दिवशी कोणी किस्सा सांगितला नाही. राहुरीच्या अलीकडे काकांनी गाडी बाजूला घेतली आणि सरांना म्हणाले, "साहेब, हितून म्होरं कुठं शोधायचं? लई रान हाय. जागोजाग इजंच्या तारा हायेत." सर पोलिसांना फोन लावायला खाली उतरले. मी पुन्हा रूपालीचा नंबर लावला.

आता फोन वाजत होता. वाजत राहिला, कोणी उचलेना. क्षेत्राबाहेर होता तेच बरं होतं असं वाटायला लागलं. मी परत लावला. परत. किती वेळा ते मोजलं नाही. सरांना दिव्याचं खरं सांगायला मी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला, आणि फोन उचलला गेला.

"हॅलो. कोन, मुक्ता का गं?"

आवाज ओळखीचा होता. शेवगावला याच आवाजाने मला आग्रह करकरून तिसरी भाकरी वाढली होती. रूपालीची आई. आमच्यातलं कोणी शेवगावच्या निम्म्या वाटेपर्यंतही कधी उडत गेलं नव्हतं.

"अगं, आपल्याच कपाशीच्या रानात उतरली की ही. सारं गाव गोळा झालंय. आंगुळीला गेलीय, फोन पिशवीत हुता, मला घावंना. मी लई रागावले तिला. म्हनलं, एवढ्या लांब एकली आलीस, भ्या न्हाई वाटलं? तर म्हनती, भ्या कशाचं, मुक्तानं पाहिलं हुतं."