बसवाल्या दादांचे चार तास

बसवाले दादा प्रश्न आत्ता विचारायचे आणि उत्तर चार तासांनी द्यायचे. सुई आत जायची तेव्हा प्रश्न, सुई निघायची तेव्हा उत्तर. मधल्या वेळात कितीही विनवा, माणूस तोंड उघडणार नाही. आणि प्रश्न सगळे अमेरिकेचे. तेही आजच्या नाही, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या.

मी चौथीपर्यंत शिकलेली. इंग्लंडात साउथहॅम्प्टनला आले ती एका डॉक्टरांच्या घरी मुलं सांभाळायला. मुलं मोठी झाली, मग हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींच्या गाड्या ढकलल्या. मागून नवरा आला, तो इथंच गेला. गुडघे गेले. कशाला घाबरले नाही. पण साखरेनं किडन्या खाल्ल्या आणि मला डायलिसिसच्या खुर्चीत बसवलं, तेव्हा मात्र घाबरले. आपलं रक्त आपल्यासमोर नळीतून मशिनीत जातं, फिरतं, परत येतं. परत नाही आलं तर? हे कुणाला विचारायचं? सोमवार, बुधवार, शुक्रवार, असं जन्मभर. तिसऱ्या वेळेला मी ठरवलं, बास, पुढच्या वेळी गाडी न्यायला आली तर दार उघडायचं नाही. काय व्हायचं ते घरात होऊ दे.

त्या दिवशी शेजारच्या खुर्चीतनं मराठी आलं. "ताई, जुन्या अमेरिकेत लोक बैलगाड्या जोडून महिनोन् महिने पश्चिमेकडे जायचे. वाटेत ताक घुसळायला वेळ नाही. तर लोणी कसं काढायचे?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक?"

"मग उत्तर सुटताना."

तेवढ्यात नर्सनं सुई घातलेलीसुद्धा. चार तास मी त्या लोण्याचाच विचार करत बसले. सुटताना दादा म्हणाले, "सकाळी दुधाचा डबा गाडीला अडकवायचा. गाडी दिवसभर हिंदकळते, संध्याकाळी लोणी तयार." मी घरी आले ती हसत. पुढच्या वेळी गाडी आली तेव्हा दार उघडलं.

दादांनी तीस वर्षं इथं सिटी बस चालवली होती. दर गुरुवारी त्यांची गँग पबमध्ये क्विझला जायची. प्रश्नांचे विषय वाटून घेतलेले. एकानं फुटबॉल घेतला, एकानं गाणी, एकानं राजाराण्या. दादांच्या वाट्याला उरली ती जुनी अमेरिका. "कुणालाच नको होती ताई, म्हणून मी घेतली. मग तिचा लळा लागला." मी विचारलं, "अमेरिका बघितलीत का कधी?" तर म्हणाले, "बंदरातनं तिकडं जाणारी बोट बघितलीय. बास झालं."

त्यांच्यामुळं मला कळलं की अमेरिकेच्या तळ्यांतला बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून बोटीनं मुंबईला यायचा. माळावर लाकूड मिळायचं नाही तेव्हा तिथल्या बायका रानरेड्यांचं वाळलेलं शेण ओटीत गोळा करून त्यावर रांधायच्या. हे ऐकून मी म्हटलं, "मग त्या आमच्यातल्याच की." दादा इतके हसले की मशीन ओरडायला लागली आणि नर्स धावत आली. म्हणाली, "हात हलवू नका, प्लीज." दोघंही शाळेतल्या पोरांसारखे गप्प.

एकदा मात्र दादा चुकले. म्हणाले, तिथं लोकांना जिवंत पुरलं जाण्याची इतकी भीती, की कुणीकुणी शवपेटीला दोरी बांधून वर घंटा लावायचे. आतला जागा झाला तर ओढेल. हे सांगितलं आणि माझ्या मशिनीची घंटा वाजली. समोरची खुर्ची त्याच आठवड्यात रिकामी झाली होती. एक गोरे आजोबा बसायचे तिथं. नुसती चादर बदलली होती. दादांनी माझं तोंड बघितलं. "सॉरी ताई. पण हे बघा, घंटा वाजतेय म्हणजे आपण अजून वर आहोत."

त्यांचा एकच प्रश्न मी तिथल्या तिथं सोडवला. "काडेपेटी नव्हती तेव्हा सकाळी चूल विझलेली असली तर काय करायचे?"

"शेजारणीकडून विस्तव आणायचे. खापरात घालून, पळत. माझ्या आईनं आणलाय."

दादा बघतच राहिले. "ताई, माझे चार तास खाल्लेत तुम्ही. आता मी काय करू?"

मला ती थट्टा वाटली. मग एका शुक्रवारी त्यांनी प्रश्नच विचारला नाही. चेहरा सुजलेला. सुई जायच्या आधीच खुर्चीची कड धरून बसलेले, बोटं पांढरी पडलेली. "शुक्रवार नको वाटतो," म्हणाले. "पुढं दोन दिवस मशीन नाही. अंगात पाणी चढतं, छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. सोमवारी आलो तर आलो."

तेव्हा मला समजलं. माणूस माझ्याइतकाच घाबरलेला होता, पहिल्या दिवसापासून. प्रश्न माझ्यासाठी होते तेवढेच त्यांच्यासाठीपण. आज त्यांच्याकडचे संपले होते, म्हणून मी विचारला. सुचेल तो.

"दादा, शेजारणीच्या घरातनं सकाळी धूर नाही. ती विस्तव मागायलासुद्धा आली नाही. तरी मी न विचारता पिठलं-भात घेऊन तिच्या दारात जाते. का?"

तोंडातनं गेल्यावर ध्यानात आलं, आपण काय विचारलं. घरात माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारपाजारचे जेवण नेतात. आमच्याकडं हे पोरंसुद्धा जाणतात. आणि मी ते कुणाला विचारलं, तर ह्यांना.

दादा म्हणाले, "आजारी असेल."

"नाही."

"बाळंतीण?"

"नाही."

"मग उत्तर सुटताना," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. चार तास मी देवाला म्हणत होते, दादा हे विसरू देत. सुटताना त्यांनी विचारलंच. "सांगा ताई."

मी म्हटलं, "सोमवारी. येऊन घ्या."

"नियम मोडताय."

"मोडतेय. या तुम्ही."

सोमवारी त्यांच्या खुर्चीवर नवी चादर होती. मी नर्सकडं बघितलं. तिनं माझा खांदा दाबला. ते चार तास कसे गेले, मला सांगता येणार नाही. छताकडं बघत एकच येत होतं मनात, की मीच माझ्या तोंडानं बोलावून आणलं.

घरी आले, पिठलं घोटलं, भात लावला, आणि दोन डबे घेऊन दोन स्टॉप पलीकडं त्यांच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं. डबे बघितले, मला बघितलं आणि म्हणाल्या, "मालनताई ना तुम्ही? या. हे म्हणाले होते."

"काय म्हणाले होते?"

"शुक्रवारी घरी आले ते हसतच. म्हणाले, त्या ताईंनी मला सुतकाचा प्रश्न घातला आणि आता उत्तर सांगायला घाबरतायत. मी मुद्दाम बाळंतीण वगैरे म्हटलं. सोमवारी जाऊन सांगतो त्यांना, की मला येत होतं. सुटतील बिचाऱ्या."

मी दारातच बसले. आत विजेची शेगडी, बटण दाबलं की लाल होणारी. तीही थंड होती. वहिनींनी ताटं घेतली. मीच वाढलं. दोघी जेवलो.

बुधवारी गाडी आली. दार उघडायला मला वेळ लागला, हे खरं. ड्रायव्हरनं दोनदा बेल दाबली. मग गेले.

भीती अजून तशीच आहे, कुणी जाते म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पण नर्स सुई घेऊन येते तेव्हा मी मनात दुधाचा डबा गाडीला अडकवते. म्हणते, हिंदकळू दे. संध्याकाळी बघू.