उंच जोडी, बुटकी जोडी आणि मास्तरांचा कान

आमची रविवारची बैठक तिघांची. मी जनावरांचा डॉक्टर, गफूरभाई कापडवाले आणि मास्तर. मास्तर म्हणजे मुलींच्या शाळेत गाणं शिकवून रिटायर झालेले. त्यांच्या कानावर आमचा देवापेक्षा जास्त विश्वास! गाणी ऐकायची, भांडायचं, चहा प्यायचा. किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही हो. धाराशिवच्या धुळीसारखे आपोआप बसतात, झटकायला गेलं की कळतं किती साचलेत ते.

परवाचा आठवडा तर विचारूच नका. पुण्याच्या दुकानदारानं भारी स्पीकरच्या दोन जोड्या घरी ऐकून बघायला पाठवल्या. एक उंच, माझ्या छातीला लागणारी. दुसरी बुटकी, स्टँडवर बसणारी. सोमवारी टेम्पो येणार आणि एक जोडी परत नेणार. ह्या वयात पुन्हा स्पीकर घेणं काही होत नाही, म्हणजे जी राहील ती मरेपर्यंत! माझी झोपच उडाली.

*

खोकी उतरताना शेजाऱ्यांकडं आलेला तेर गावचा पाहुणा बघत उभा होता. संध्याकाळी दारात हजर!

"डॉक्टरसाहेब, पोराची हळद हाय. ह्यातला एक डीजे द्या की. दुसरा ऱ्हाऊ द्या तुमाला."

म्हणलं, "अहो, हा डीजे न्हाय. हे हळू आवाजात ऐकायचं असतं."

त्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "मग एवढं मोठं कशाला आणलं?"

आतून बायको खुदकन हसली. तिचाही तोच सवाल होता.

*

गफूरभाई आले ते थेट बुटक्या जोडीपाशी. जाळीचं कापड चिमटीत धरलं, चोळलं, मान तिरकी करून उजेडात बघितलं.

"यही रखो डॉक्टरसाब. क्या कपडा है!"

"अहो, पण आवाज कसाय?"

"आवाज का क्या, आज है कल नै. कपडा टिकना!"

दुसऱ्या चहाला ते उंच जोडीकडं फिरले. का, तर लाकूड सागवानासारखं दिसतं! मी कपाळाला हात लावला.

*

बरं, डोक्यात दिवसभर तेच. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडं एक म्हैस बघायला गेलो होतो. पोटाला स्टेथोस्कोप लावला, आत गुडगुड चाललेली. माझ्या मनात काय आलं असेल? 'बेस जरा जास्तच हाय!'

मालक बिचारा घाबरलेला. "डॉक्टर, वाचंल न्हवं?"

भिंतीला चिकटलेल्या स्पीकरचा बेस घुमतो, त्याच तंद्रीत मी बोलून गेलो, "वाचंल की! फक्त कोपऱ्यातनं जरा पुढं ओढा. भिंतीला लई चिकटलीय."

लाजेनं मेल्यासारखं झालं. खरं औषध देऊन पळालो. तर मालकाचा फोन आला, "डॉक्टर, औषधाचं काय न्हाय, पण पुढं ओढल्यापासनं वैरण खातीया बगा!"

*

शेवटी ठरवलं, मास्तर म्हणतील ती जोडी.

मास्तरांचा कान म्हणजे काय, सांगतो. एकदा आमच्याकडं जेवायला बसले होते. कुकरची शिट्टी झाली. मास्तर म्हणाले, "वैनी, तुमचा कुकर काळी दोनमध्ये बोलायचा, आज उतरलाय. रिंग बघा." दुसऱ्या दिवशी रिंग फाटली!

पण खरं सांगू? धाकधूक होती. हल्ली मास्तर सारखं म्हणायचे, "डॉक्टर, आवाज जरा वाढवा." मागनं हाक मारली तर वळायचे नाहीत. गफूरभाई हळूच म्हणाले, "डॉक्टरसाब, मास्तर के कान..."

"गप बसा!" मी खेकसलो. "तंद्रीत असतात ते."

स्पीकर काय, चुकला तर चुकला. पण मास्तरांचा कान गेला तर आमच्या रविवारात राहिलं काय?

*

रविवारी मास्तर आले. कडक इस्त्रीचा नेहरूशर्ट. खुर्चीत बसले, डोळे मिटले. आधी बुटकी जोडी लावली. मास्तरांनी हातानंच 'पुढची लावा' अशी खूण केली. मग उंच लावली. एक बाई विलंबित गात होत्या. मास्तरांचं बोट गुडघ्यावर ताल धरायला लागलं. माझा जीव त्या बोटात अडकला.

आणि लाईट गेली!

इन्व्हर्टरची भुणभुण गाण्यात येते म्हणून त्या खोलीला मी इन्व्हर्टर जोडलेलाच नाही. पंखा थांबला. बाईंचा आवाज मधेच तुटला. खोली चिडीचूप.

मास्तरांचं बोट चालूच होतं.

गफूरभाईंनी तोंड उघडलं, तसं मी त्यांचं मनगट दाबलं. बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. मास्तरांची मान सावकाश डोलत होती. एका जागी ती झोकात खाली आली, अगदी समेवर यावी तशी. "वा!" म्हणाले.

मग डोळे उघडले. डोळ्यांत पाणी.

"हेच ठेवा, डॉक्टर. लई साफ वाजतंय. एवढं साफ म्या जल्मात ऐकलं न्हाय. व्हय की न्हाय, गफूरभाई?"

गफूरभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"व्हय, मास्तर," आम्ही दोघंही म्हणालो. जरा मोठ्यानंच.