पेटीवरचं ओलं पोतं

भर दुपारी साडेबाराला नवरा घरी येणं ही गोष्ट काकूंच्या सत्तावीस वर्षांच्या संसारात तीनदाच घडली होती. एकदा लेक झाली तेव्हा, एकदा सासरे गेले तेव्हा आणि एकदा त्याची दाढ सुजली होती तेव्हा. त्यामुळे फाटकाची कडी वाजली आणि तो अंगणात उभा दिसला तेव्हा काकूंच्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की आता कोण गेलं?

कुणी गेलं नव्हतं. त्याच्या मागे खांद्याला पिशवी अडकवलेली तिशीतली एक बाई उभी होती. आणि तो काकूंकडे बघतच नव्हता. तो पेटीकडे बघत होता.

ही पेटी त्यांच्या अंगणात येऊन सात वर्षं झाली होती. पांढरी, लाकडी, चार पायांवर उभी, चारी बाजूंना झडपांच्या भिंती, आत दोन तापमापी. नगरपरिषदेने ती पंपघरामागच्या या क्वार्टरच्या अंगणात मुद्दाम उघड्यावर, झाडांपासून लांब बसवली होती. कारण क्वार्टरमध्ये राहणारा माणूस परिषदेच्या पर्यावरण टेबलावरचा कारकून होता. तोच काकूंचा नवरा. एका तापमापीतला पारा दिवसभरात जिथवर चढेल तिथेच अडून राहायचा. तो संध्याकाळी सहाला घरी आला, की हातपाय धुवायच्या आधी ती वाचायचा, आकडा रजिस्टरात लिहायचा आणि सकाळी झटका देऊन पारा पुन्हा खाली आणायचा. गावात त्याला सगळे ‘अंशसाहेब’ म्हणायचे. साहेब तो कुणाचाच नव्हता. पण रस्त्यात लोक त्याला खुशाली विचारायच्या ऐवजी, “काय अंशसाहेब, आज किती?” असं विचारायचे आणि तो दशांशासकट सांगायचा.

त्या पेटीवर आत्ता एक जाड तागाचं पोतं पसरलेलं होतं. चिंब ओलं. त्याच्या कडांतून पाणी ठिबकत होतं, खालची माती काळी झाली होती आणि काकूंच्या हातात रिकामी बादली होती.

“हे काय आहे?” त्याने विचारलं. आवाज इतका खाली, की काकूंना ओठांवरूनच कळलं.

“पाणी,” काकू म्हणाल्या. “तापते ना ती उन्हात.”

“रोज ओतता काकू?” त्या बाईने विचारलं.

“उन्हाळाभर रोज. सकाळची कामं आटोपली, प्रार्थना झाली, की एक बादली. अडीचला आणखी एक. पोतं वाळलं की लाकूड पुन्हा तडकतं.”

“आणि रविवारी?”

“रविवारी हे घरी असतात. यांच्या वस्तूला यांच्यासमोर हात लावलेला यांना खपत नाही. नाही तर रविवारी काय ऊन कमी असतं?”

त्या बाईने खांद्यावरची पिशवी काढून ओल्या मातीतच ठेवली. “रविवार,” ती स्वतःशीच म्हणाली. “सापडला रविवार.”

अंशसाहेबांची नजर पेटीवरून दाराच्या पायरीकडे गेली. पायरी मोकळी होती. काकू रोज पाच वाजता ते पोतं उतरवायच्या, पिळायच्या आणि पायरीवर अंथरायच्या. सात वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी त्याच पोत्यावर पाय पुसून घरात येत होता.

काकूंनी यात कधी काही लपवलं नव्हतं. लपवण्यासारखं काही आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पेटी आली त्या पहिल्या उन्हाळ्यात तो जेवताना म्हणाला होता, “लाकूड तडकतंय गं तिचं. दिवसभर उघड्यावर, आजूबाजूला एक झाड नाही.” काकूंच्या आईने त्यांना लहानपणापासून एकच शिस्त लावली होती, की दारात उन्हात जो कुणी उभा असेल त्याला आधी पाणी विचारायचं, मग तो कोण ते. पेटीला विचारायची सोय नव्हती. म्हणून काकूंनी विचारलं नाही, ओतलं. देवासमोर बसून उठल्यावरचं हे पहिलं काम. आणि हिशेबाच्या नाही, मनाच्या म्हणून ठेवलेल्या वहीत रोज त्याची ओळ: पेटीला पाणी.

ती बाई जिल्ह्याच्या कचेरीतून आलेली तपासनीस होती. नऊ गावांचे आकडे एका तक्त्यात घालून बघणं हे तिचं काम. काकूंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती काकूंशीच बोलली, कारण अंशसाहेब पेटीपाशीच उभे होते.

“रविवारी गाड्या कमी, भट्ट्या बंद. सगळी गावं रविवारी जरा निवतात. तुमचं गाव उन्हाळ्यातल्या दर रविवारी साडेतीन अंश जास्त तापतं. मला वाटलं यंत्र बिघडलंय. म्हणून न कळवता आले.”

“मला ते दिसलं होतं,” अंशसाहेब तिथूनच म्हणाले. “पहिल्याच वर्षी. मला वाटलं, मी रविवारी घरी असतो, दहादा दार उघडून आत डोकावतो, माझ्यामुळेच गरम हवा आत जाते. म्हणून मी उन्हाळ्याच्या सरासरीत रविवार धरलेच नाहीत. खाली टीप टाकायचो. ‘सुट्टीचे दिवस वगळून.’”

त्या टिपेचं त्याला केवढं कौतुक होतं, हे काकूंना माहीत होतं. ‘एवढी काळजी कोण घेतं,’ असं तो दरवर्षी म्हणायचा.

“म्हणजे खरे आकडे होते तेवढेच बाहेर काढलेत,” तपासनीस म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिलाही ते पचत नव्हतं.

तोवर काकूंना वाटत होतं, की चुकून एखाद्याच्या कागदावर चहा सांडावा तसं काहीतरी झालंय. पुसून घेऊ. मग एकदम त्यांना लेक आठवली.

लेक शिलाई गल्लीत कामाला होती. पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस बायका, चाळीस मशीनं. परिषदेच्या हवामान आराखड्यात नियम साधा होता: उन्हाळ्यातली सरासरी एकोणचाळीसच्या वर गेली, की सगळ्यांत दाट पत्र्याच्या गल्लीला आधी सावलीचं छत, पिण्याचं पाणी आणि बसायला एक गार खोली. गावाला मोजायला पेटी एकच. शिलाई गल्लीचा अर्ज तीनदा आला आणि तीनदा परत गेला. आकडा साडेसदतीसच्या वर कधी गेलाच नव्हता. गेल्या उन्हाळ्यात लेक मशीनवरच कोसळली. बरी झाल्यावर याच घरात जेवताना बापाला म्हणाली होती, “बाबा, तुमच्या पेटीला एक दिवस आमच्या शेडमध्ये कामाला पाठवा.”

“बाळा, आकड्याला लेक नसते,” तो म्हणाला होता. त्याच्या दृष्टीने ते प्रामाणिकपणाचं बोलणं होतं. आणि काकूंनी लेकीलाच दटावलं होतं, की बाबा काय मनाचं लिहितात का?

काकू पायरीवर बसल्या. “म्हणजे मी तिला...”

नव्या पाच वर्षांच्या आराखड्याची सभा शुक्रवारी होती. तपासनीस जाताना म्हणाली, “मी माझ्या अहवालात लिहीनच. पण परिषदेला आधी तुमच्या तोंडून कळावं.” आज बुधवार.

त्या संध्याकाळी अंशसाहेबांनी रजिस्टर उघडून नुसते रविवार एका कागदावर उतरवले. सात उन्हाळ्यांची सरासरी आली चाळीस पूर्णांक आठ. त्यांनी ती तीनदा केली. तीनदा तीच आली.

“परिषदेचा इंजिनीयर ऐकायचा नाही,” ते म्हणाले. “तो म्हणेल, बाकीचे दिवस ओले आणि रविवार कोरडे कशावरून? तोंडच्या गोष्टीवर परिषद चालत नाही.”

काकूंनी फडताळातून वह्या काढून त्यांच्यासमोर ठेवल्या. सात.

सत्तावीस वर्षांत त्याने बायकोची वही कधी उघडली नव्हती. आताही त्याने हात मागे घेतला. “यात काय काय आहे?”

“देवाला सांगितलेलं सगळं,” काकू म्हणाल्या. “तुमच्या घोरण्यासकट.”

तो हसला नाही. “सगळ्यांसमोर वाचावं लागेल.”

“मीच वाचीन. तुम्हाला माझं अक्षर लागायचं नाही.”

शुक्रवारी चार वाजता सभागृहात पंखे फिरत होते, खिडक्यांना पडदे होते. मागच्या बाकावर शिलाई गल्लीच्या सात-आठ बायका होत्या, त्यांत लेक. तिला घरी काही सांगितलं नव्हतं. बाप उभा राहिला, रजिस्टर छातीशी धरलं आणि त्याने कुठेही न थांबता सगळं सांगितलं. पेटी, बादली, पोतं, रविवार. बायकोने केलं असं न म्हणता ‘आमच्या घरून झालं’ असं म्हणाला.

“म्हणजे सात वर्षं आपण गावाचं नाही, पोत्याखालचं तापमान मोजलं,” इंजिनीयर म्हणाला. हशा झाला. “मग सगळंच रद्द करा. नवी पेटी आणा, तीन वर्षं मोजा, मग बोलू. रविवारचा काय भरवसा? कागद आहे का?”

काकू उठल्या. पदर सारखा केला. “आहे,” म्हणाल्या.

नगराध्यक्षांच्या खुर्चीत शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या. त्यांनी परीक्षा घ्यावी तशा तारखा विचारायला सुरुवात केली. काकू वाचत गेल्या. “सोमवार. पेटीला दोन बादल्या. शेजारणीचा नातू आजारी, त्याला बरं कर.” “शनिवार. पेटीला पाणी. हे माझ्यावर उगाच चिडले.” “रविवार. हे घरी. आज पाणी नाही, पेटी तापली असेल बिचारी.” दर तारखेला अंशसाहेब रजिस्टरातला आकडा सांगायचे. पाणी, सदतीस. पाणी, सदतीस पूर्णांक पाच. पाणी नाही, एक्केचाळीस. पाचव्या-सहाव्या तारखेनंतर हसणं आपोआप थांबलं.

“गेल्या उन्हाळ्यातली अकरा मे वाच, आई,” मागून लेक म्हणाली.

काकूंनी पान उघडलं. ते पान त्यांच्याच हातचं होतं, तरी त्या दोन ओळी एकीखाली एक आहेत हे त्यांनी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

“बुधवार,” त्यांनी वाचलं. “आज फार उकाडा. पेटीला तीन बादल्या, एक जास्तीची.” पुढच्या ओळीपाशी त्या थांबल्या. नगराध्यक्षांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, तो काकूंनी नुसता बाजूला ठेवला. “दुपारी शेडमध्ये लेक चक्कर येऊन पडली. देवा, तिच्या डोक्यावर सावली धर.”

“सदतीस पूर्णांक एक,” अंशसाहेब म्हणाले. पान उलटलं. “त्याआधीचा रविवार, एक्केचाळीस पूर्णांक तीन.”

इंजिनीयरने हातातलं पेन टेबलावर ठेवलं, मग पुन्हा उचललं. लेक आईकडे बघत होती आणि त्या बघण्यात राग आहे की काय आहे, ते काकूंना कळेना. काकूंच्या डोक्यात एवढंच घुमत होतं, की त्या बुधवारी आपण सावली मागितली ती कुणाकडे, आणि ती अडवून कोण उभं होतं.

ठराव झाला. शिलाई गल्लीचं छत आणि गार खोली याच उन्हाळ्यात, आराखड्याच्या पहिल्या पानावर. पेट्या दोन, एक अग्निशमन केंद्राच्या आवारात, एक शिलाई गल्लीत. घरगुती अंगणात एकही नाही. अंशसाहेबांचं रजिस्टर दुसऱ्याकडे गेलं. ते त्यांनी स्वतःच सुचवलं होतं. घरी येताना रस्त्यात सायकलवाल्याने सवयीने विचारलं, “काय अंशसाहेब, आज किती?” तर ते म्हणाले, “खरंच माहीत नाही हो.” तो माणूस सायकल थांबवून बघतच राहिला.

सोमवारी पेटी नेली. अंगणात चार पायांचे चार खड्डे उरले. मंगळवारी प्रार्थना आटोपून काकू उठल्या, बादली भरली, पोतं भिजवलं, अंगणाच्या मधोमध आल्या आणि थांबल्या. पोत्यातलं पाणी पावलांवर ठिबकत होतं. आत जाऊन ओतून द्यायचं मनात आलं. मग त्यांनी बादलीवर ताट झाकलं, पोतं खांद्यावर टाकलं, चप्पल घातली आणि शिलाई गल्लीकडे चालू लागल्या. छताचे खांब यायला अजून तीन आठवडे होते.

शेडच्या बाहेरच्या बाजूने काकूंनी लेकीच्या खिडकीवर पोतं टांगलं आणि वरून तांब्याने पाणी सोडलं. आतली मशीनं एकामागून एक थांबली. लेक खिडकीशी आली. चार दिवस ती आईशी हो-नाहीपुरतंच बोलली होती. तिने ओल्या पोत्याला हात लावला, तसाच ठेवला.

“आई, आधी नीट बघून घेतलंस ना?” ती म्हणाली. “आजूबाजूला कुणी काही मोजत तर नाही?”

“बघितलं,” काकू म्हणाल्या. “ती नवी पेटी पार त्या टोकाला बसवणारेत. आणि तिला तहान लागली तरी मी तिच्याकडे ढुंकून बघायची नाही.”

मागच्या मशीनवरची बाई म्हणाली, “काकू, उद्या एक पोतं आमच्या खिडकीलाही आणा.”

काकूंनी त्या दिवशीच्या वहीत लिहिलं: खिडक्या अकरा. पोतं एक.