पाताड्याची बाय

लोकलच्या डब्याखाली शिरण्याआधी पाताडे डब्यावर हात ठेवायचा, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि म्हणायचा, "उठ गो बाय." मग लोखंडी सळईचं एक टोक मोटरीला, दुसरं कानाला. "बेअरिंग रडता," म्हणाला की उघडून बघा, ते गेलेलंच असायचं. मी चौथी शिकलेला फिटर, तीस वर्षं कारशेडात त्याच्या जोडीला. तो कधी चुकला असं आठवत नाही, आणि माझी आठवण पक्की आहे.

नव्या एसी गाड्या आल्या तेव्हा साहेबाने आम्हाला पडद्यासमोर बसवलं. "बिघाड आता इथे दिसतो." पाताडे म्हणाला, "ह्येका कान आसत काय?" साहेबाने त्याच्या नावापुढे काहीतरी लिहून घेतलं.

मग आमची जुनी गाडी कंडम ठरली. निरोपाला मांडव, हार, बँड. आणि इंजिन लावून तिला भंगारात ओढून नेणार. पाताडे तडक साहेबाच्या केबिनमध्ये शिरला.

"माणूस रिटायर झालो की आपल्या पायान घराक जाता. हिका कित्याक मड्यासारखी ओढतास?"

"मोटरी मेल्यात, पाताडे. फायलीत आहे."

"फायलीक सळई लावन बघितलास?"

मग आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं गाडीखाली. दोन मोटरी उघडल्या, साफ केल्या, बांधल्या. जेवणाचा डबा तसाच घरी जायचा, आणि बायको म्हणायची, माझी भाजी नको झाली का?

समारंभाला साहेब प्रगतीवर अर्धा तास बोलला. इंजिन आलंच नाही; त्याचा हुकूम दुसऱ्या दिवसाचा निघाला होता. मोठे साहेब त्याच लाइनीवर नवी गाडी बघायला येणार होते, आणि लाइन जुनीने अडवलेली. साहेबाचा रुमाल भिजला. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाला, "पाताडे, चालेल का रे ही?"

"फायलीत मेली हा, साहेबानू."

"चालव ना बाबा!"

यार्डात गाड्या हलवणारा शंटर ड्रायव्हरच्या केबिनमध्ये चढला. गाडी आधी कण्हली, मग निघाली. पाताडे डब्यावर हात ठेवून गेटापर्यंत तिच्या बाजूने चालला. बँडवाले वाजवायचंच विसरले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: 'गाडी इंजिनाने ओढून नेली.' खाली साक्षीदार म्हणून आमच्या सह्या हव्या होत्या. पाताड्याने केली नाही. मीही नाही. मला सही येते.

त्याच महिन्यात पाताडे रिटायर झाला. मांडव तोच, भाषणही तेच. साहेब म्हणाला, "जीप देतो, विक्रोळीला घरापर्यंत सोडेल."

पाताड्याने गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला.

"नको. मी चलत जातंय. तुमी लिवा, ओढून नेलो म्हणून."