आत्याचा नवा आवाज

आमच्या आत्याला कुणी कलाकार म्हटलं की ती म्हणते, "कपडे टाकायला आलाय की कौतुक करायला? कौतुक असेल तर बाजूला उभे राहा, मागे गिऱ्हाईक खोळंबलंय." तिचं इस्त्रीचं दुकान आहे. दिवसभर वाफेशी झटापट करायची आणि तोंडाने तिच्या आईची, धान्य पाखडतानाची गाणी चालू. माझ्या भावाला घरात सगळे बटण म्हणतात, कारण बटणं दाबण्यापलीकडे त्याने आयुष्यात काही केलेलं नाही. त्याने ही गाणी सिंथेसायझरवर चढवली, मी ड्रम बडवायला बसले, आणि आमचा बँड झाला. पहिला अल्बम असा काही चालला की पोरं इस्त्री केलेले शर्ट पुन्हा इस्त्रीला घेऊन दुकानात यायला लागली.

दुसऱ्या अल्बमची तयारी अर्ध्यावर असताना आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज परत आला तो जाड आणि खरखरीत. वरचे सूर गेले ते गेलेच.

"काळजी करू नकोस," बटण म्हणाला. "तुझं जुनं रेकॉर्डिंग ढीगभर पडलंय. तुकडे जोडून अख्खा अल्बम उभा करतो. तू फक्त आराम कर."

"आराम मेल्यावर करेन. गाणी खालच्या पट्टीत घे."

दुकानामागच्या खोलीत, कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये उभी राहून ती गायली. माझ्या अंगावर काटा आला, हे सरळच सांगते. बटणाचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा. हा आवाज लोकांना रुचला नाही तर बटण जुने तुकडेच जोडणार आणि अल्बमवर आत्याचं फक्त नाव उरणार, ही धाकधूक मलाही होतीच.

पुढच्या आठवड्यात त्याने गाणं ऐकवलं. आवाज कसा भरदार, गुळगुळीत! मी खूश. आत्याने भुवया चढवल्या.

"मागे घे जरा. हां, इथे. इथे मी श्वास घेतेय ना? मग गातंय कोण?"

बटणाने गाणं थांबवलं. पठ्ठ्याने तिचा जुना आवाज खालच्या पट्टीत आणून गुपचूप नव्याच्या खाली घातला होता. जुनी आत्या दमाची, ती ओळ एका श्वासात म्हणायची. नवी मध्ये थांबते. सगळं झाकलं, तेवढा श्वास झाकायचा राहिला.

"लोकांना तोच आवाज हवाय गं," तो पुटपुटला.

"एका पँटला दोन घड्या पडल्या तर लोक तोंडावर फेकतात माझ्या. गाण्याला कशा चालतील?"

"बरं बाई, चुकलो. काढून टाकतो त्या जुन्या आत्याला."

"काढतोस कशाला?" आत्या खेकसली. "चांगली गाते की पोरगी. कोरसमध्ये उभी कर. आधी मी म्हणेन, मग ती. आणि तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा ठेवलास तर याद राख."