विष पिणारं गवत

मंडळी, सांगलीत नव्यानंच निघालेल्या इंटरनेट कॅफेतून लिहितोय. मन थाऱ्यावर नाही.

कुपवाडच्या कारखान्यांचं सांडपाणी येतं त्या ओढ्याकाठी आम्ही संशोधकांनी प्रयोग म्हणून गवत लावलंय. त्याच्या मुळांत राहणारे जिवाणू गवतानं पाण्यातून शोषलेलं विष हळूहळू मोडतात, गवतालाही जगवतात. शेजारच्या शेतातल्या आक्कांना मीच कौतुकानं सांगितलं होतं, "हे गवत विष पिऊन टाकतं."

आज गेलो तर एका कोपऱ्यातलं गवत कापलेलं. चौकशीला आक्कांच्या गोठ्यात डोकावलो. त्यांची गाय मरून पडली होती.

"वड्याचं पानी पिऊन लय दिस आजारी हुती," आक्का म्हणाल्या. "तुमीच म्हणालासा न्हवं, हे गवत विष पितंय? म्हणून रोज पेंढी घातली. पोटातलं सगळं वढून घील म्हनलं."

पूर्ण मोडेपर्यंत ते विष गवतातच असतं, हे आता कुठल्या तोंडानं सांगू?

गाईच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "सायेब, गवत कमी पडलं का वं?"

मी त्यांच्याशेजारी खाली बसलो. तुम्ही काय सांगितलं असतं?